आपण विसरतों हें विसरणाऱ्यास कळतें काय?

घरांतील वृद्ध माणूस गोष्टी विसरूं लागलें, तींच तींच वाक्यें पुनःपुन्हां बोलूं लागलें, आणि कोणी तें दाखवून दिलें असतां ‘मला काय धाड भरली आहे? वेड तुम्हांलाच लागलें आहे,’ असें उसळून म्हणूं लागलें, म्हणजे घरांतील इतर मंडळींच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. तो बहुधा रागाच्या भरांत उभा राहतो, आणि म्हणून त्याचें उत्तरही रागाच्या भरांतच दिलें जातें. प्रश्न असा कीं, ह्या माणसास आपली स्थिति ठाऊक आहे किंवा नाहीं? ठाऊक असून तें नाकारीत असेल, तर तें लबाडी करतें असें ठरतें. ठाऊकच नसेल, तर त्याच्याशीं वाद घालणें म्हणजे भिंतीशीं बोलणें होय. पुष्कळ वाचक म्हणतील कीं हा विषय डॉक्टरांचा आहे, त्यांनीं पहावा. आम्हांस तसें वाटत नाहीं. डॉक्टर महिन्यांतून एकदां भेटतो. म्हातारीशीं रोज बोलावयाचें असतें तें सुनेला, नातवाला आणि शेजाऱ्याला. घरांतील बोलणें, दोषारोप, खरें सांगणें न सांगणें, इतकेंच नव्हे तर शेतजमिनीचे कागदसुद्धां ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर लटकलेले असतात.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. ही म्हण जितकी लोकप्रिय तितकीच अन्यायाची आहे. भारतांतील साठ वर्षांवरील माणसांची जी मोठी पाहणी झाली व जिचा अदमास इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला, तीवरून असें दिसतें कीं, अशा शंभर माणसांत सुमारें सात जणांस स्मृतिभ्रंशाचा रोग असावा. म्हणजे साऱ्या देशांत सुमारें ८८ लाख. शहरांपेक्षां खेड्यांत आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत हें प्रमाण अधिक आढळलें. अर्थात् उरलेल्या त्र्याण्णवांची बुद्धी कोठेंही नाठी झालेली नाहीं, आणि सातांची जी बिघडली ती वयानें नव्हे, मेंदूच्या रोगानें. वयाबरोबर रोगाचा संभव वाढतो हें खरें; पण वय म्हणजे रोग नव्हे. ‘म्हातारचळ’ हा आपला दुसरा शब्द. त्यानें तर आणखीच नुकसान केलें आहे, कारण ज्याला चळ म्हटलें त्याला औषध कोण पाहणार?

इंदापूर तालुक्यांत नीरेच्या कांठीं निरवांगी म्हणून गांव आहे. नदी ओलांडली कीं पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. ऊस, पाणी आणि कारखान्याची तोड हेंच त्या भागाचें खरें पंचांग. तेथें, किंवा तशा कोणत्याही गांवीं, एक घर आहे अशी आपण कल्पना करूं. घरांतील आजोबांनीं चाळीस वर्षें उसाला पाणी दिलें. आतां मुलगा अंथरुणांत बसून मोबाईलवरून मोटार चालू करतो. पण आजोबा रात्रीं दोन वाजतां उठतात, डोक्याला मुंडासें गुंडाळतात, आणि ‘आपली पाळी आली, दारें धरायला जातों’ म्हणून अंधारांत चालूं लागतात. आजीची गोष्ट निराळी. तिनें आपले पैसे धान्याच्या कणगीमागें ठेविले, ठेविले हें ती विसरली, आणि आतां ते सुनेनें चोरले असें ती शेजारणीस सांगते. ‘आत्याबाई, तुम्ही विसरतां,’ असें सून म्हणाली कीं ती ताडकन् म्हणते, ‘मी कुठं विसरते? माझ्या लग्नांत कोणीं काय आहेर केला तें सांगूं का?’ आणि खरोखरच सांगते, एकही नांव न चुकतां. तें ऐकून घरच्यांची खात्री होते कीं म्हातारी ढोंग करते. पन्नास वर्षांपूर्वींचें सारें आठवतें आणि सकाळचें आठवत नाहीं, हें कसें शक्य आहे?

शक्य आहे; ह्या रोगाची बहुधा रीतच ती. नवी गोष्ट साठविण्याची मेंदूंतील व्यवस्था आधीं बिघडते, आणि जुनें धन पुष्कळ दिवस टिकतें. आहेराची यादी बिनचूक म्हणणें हा आजी बरी असल्याचा पुरावा नव्हे. ती ढोंगी असल्याचाही नव्हे.

ज्या डॉक्टरांच्या नांवानें हा रोग आज ओळखला जातो, त्यांच्याही पुढें हाच प्रश्न आला होता. इ. स. १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं वेड्यांच्या इस्पितळांत औगुस्त डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तेथील डॉक्टर आलॉइस आल्झायमर हे तिच्यापुढें बसून प्रश्न विचारीत आणि उत्तरें लिहून ठेवीत. नवऱ्याचें नांव विचारलें, तर तिनें आपलेंच नांव सांगितलें. ताटांत फुलकोबी व मांस असतां काय खातां म्हणून विचारलें, तर तिनें पालक सांगितला. नांव लिहावयास दिलें, तें तिला पुरें करतां येईना. आणि त्या खटपटींत ती म्हणाली कीं, मी स्वतःला हरवून बसलें आहें. ती बाई १९०६ सालीं वारली, आणि त्याच वर्षीं आल्झायमर यांनीं तिच्या मेंदूंत आढळलेला बिघाड डॉक्टरांच्या सभेपुढें मांडला. तिचे हे कागद पुढें कित्येक वर्षें कोणास ठाऊक नव्हते. ते १९९५ सालीं फ्रांकफुर्टमध्येंच सांपडले.

ह्या कागदांतील तें एक वाक्य आम्हांस फार विचार करावयास लावतें. जिला पुढ्यांतील भाजी ओळखतां येत नव्हती, तिला आपण हरवलों हें मात्र कळलें होतें. म्हणजे ‘हिला कांहीं कळत नाहीं’ असें जर कोणी तिच्या अंथरुणाशीं उभें राहून म्हणालें असेल, तर तें चुकीचें होतें. पण तें वाक्य उच्चारल्यानंतर घटकाभरानें तिला विचारलें असतें, तर तिनें तेंच उत्तर दिलें असतें काय? कदाचित् ती म्हणाली असती कीं, मी अगदीं बरी आहें. मग दोहोंपैकीं तिची खरी साक्ष कोणती? आमचें म्हणणें असें कीं, दोन्हीही.

ही गोष्ट समजण्यास आणखी एका डॉक्टरांचें नांव सांगितलें पाहिजे. पॅरिसचे झोझेफ बाबिन्स्की यांनीं १९१४ सालीं असे रोगी वर्णिले कीं ज्यांचें डावें अंग लुळें पडलें होतें, पण तें लुळें पडलें हें त्यांस ठाऊकच नव्हतें. आपण त्यांस हट्टी म्हणूं. परंतु तो हट्ट नव्हता. हात हलला किंवा नाहीं ह्याची खबर ज्या ठिकाणीं पोंचावयाची, तेंच ठिकाण बिघडलें होतें. विसरण्याच्या रोगांतही पुष्कळ वेळां असेंच घडतें. मी काल तीन वेळां चुकलों, हें कळण्यास कालच्या तीन चुका आठवाव्या लागतात. आणि आठवण्याचें साधनच तर निकामी होत चाललेलें असतें. तराजू बिघडला आहे किंवा नाहीं हें त्याच तराजूनें कसें तोलावें?

शेतकरी वाचकांस हें आम्ही त्यांच्याच कागदानें समजावून देतों. जमिनीचा व्यवहार होतो, पण फेरफाराची नोंद होत नाहीं. तोंवर सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जुनेंच नांव राहतें. उतारा काढणारा प्रामाणिकपणें वाचतो, आणि प्रामाणिकपणेंच चुकतो. प्रत्येकाच्या मनांत स्वतःचा असा एक उतारा असतो: मी अमुक, मला अमुक येतें, माझा हिशेब चोख, माझा हात खरा. आपला उतारा रोज थोडाथोडा दुरुस्त होतो. गुडघा दुखूं लागला कीं ‘आतां डोंगर चढवत नाहीं’ अशी नोंद आपोआप पडते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या उताऱ्यावर फेरफार चढणेंच बंद होतें. आजोबा ज्या माणसाचें वर्णन करतात तो माणूस खरोखर होता. पंधरा वर्षांपूर्वीं होता. कित्येक संशोधकांनींही ह्या स्थितीचें स्पष्टीकरण याच धर्तीवर केलें आहे कीं, रोग्याच्या मनांतील स्वतःचें चित्र जुन्या काळींच थिजून राहतें.

आतां, कोणास किती कळतें हें मोजावयाचें कसें? त्याच्या तीन वाटा आहेत. पहिली अशी कीं, रोग्यास व घरच्या माणसास तेच प्रश्न निरनिराळे विचारावयाचे आणि दोघांच्या उत्तरांतील अंतर पहावयाचें. दुसरी अशी कीं, ‘मी दहा वस्तूंचीं नांवें सांगेन, त्यांतील किती लक्षांत राहतील?’ असें आधीं विचारावयाचें, मग खरोखर परीक्षा घ्यावयाची, आणि अंदाज किती चुकला तें पहावयाचें. तिसरी म्हणजे अनुभवी डॉक्टरानें सावकाश बोलून आपला अभिप्राय बनवावयाचा. पहिली वाट सर्वांत सोपी व सर्वांत अधिक चालणारी आहे. पण तिच्यांत एक खोड आहे, आणि ती खेड्यांतील माणसास शहरांतल्यापेक्षां लवकर दिसेल. घरच्या माणसाचें म्हणणें म्हणजे सत्य, असें तींत धरून चाललेलें असतें. परंतु रात्रभर जागलेली सून सांगेल तें एक, आणि दिवाळीला दोन दिवस पुण्याहून आलेला मुलगा सांगेल तें दुसरें. आई दोन दिवस पाहुण्यासारखी नीट बोलली, म्हणून तो बायकोच्या भावजयीवर संशय धरून परत जातो. पाहणाराही थकतो, लाजतो, रागावतो. कधीं त्याचा जमिनींत हिस्साही असतो. तेव्हां एकाच्या तोंडच्या हकीकतीवर म्हातारीची जाणीव मोजूं नये. दोघांतिघांस विचारावें, आणि जो रोज जवळ असतो त्याचें आधीं ऐकावें.

परीक्षेचेंही तसेंच आहे. शाळा शिकलेल्यांसाठीं केलेली परीक्षा निरक्षर आजीस दिली, तर तिला कधींच न आलेली गोष्ट ती विसरली असें ठरेल. हें ओळखून हरियाणांतील बल्लभगड भागांत अक्षर न शिकलेल्या वृद्धांसाठीं हिंदींत एक परीक्षा तयार करण्यांत आली व ती १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. कागदावरील हुकूम वाचून डोळे मिटा असें सांगण्याऐवजीं तींत ‘माझ्याकडे पहा आणि मी करतों तसें करा’ असें सांगतात. किती साधी सुधारणा! पण ती करणारास आधीं असें वाटावें लागलें कीं, चूक म्हातारीची नसून कदाचित् आपल्या प्रश्नाची असेल.

येथें एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकूं, कारण ती मागें राहिली तर बाकीचें सारें लिहिणें फुकट जाईल. प्रत्येक विसरणें म्हणजे हा रोग नव्हे. कंठग्रंथीचा म्हणजे थायरॉईडचा बिघाड, ब बारा ह्या जीवनसत्त्वाचा अभाव, मनाची खिन्नता, कांहीं झोपेच्या गोळ्या, कमी ऐकूं येणें, ह्यांनींही माणूस विसराळू दिसतें, आणि त्यांतील पुष्कळांवर उपाय आहे. एक-दोन दिवसांतच जर माणूस एकाएकीं भ्रमिष्टासारखें बोलूं लागलें, तर तापाचा, लघवीच्या विकाराचा किंवा पाणी कमी पडल्याचा संशय घेऊन तें त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. बारामतीस २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि टेली मानस ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मनाच्या आजाराविषयीं फोनवरून सल्ला मिळतो.

बरें, मोजमाप झालें. त्यांतून काय निघालें? पहिली गोष्ट अशी निघाली कीं, जाणीव ही दिव्यासारखी नाहीं कीं पेटला किंवा विझला. एकाच माणसास एका बाबतींत कळतें व दुसऱ्या बाबतींत कळत नाहीं. आपण नांवें विसरतों हें आजी कबूल करील, पण पैशांचा हिशेब चुकतो हें मुळींच मानणार नाहीं. सकाळीं कळेल, संध्याकाळीं कळणार नाहीं. लेकीजवळ बोलून दाखवील, जांवयापुढें झांकून ठेवील. हें झांकणें निराळें आणि न कळणें निराळें. झांकणारा माणूस सावध असतो: प्रश्न हसण्यावारी नेतो, ‘तूंच सांग’ म्हणतो, बाजारास जाणें टाळतो, लोकांत बसेनासा होतो. न कळणारा निर्धास्त असतो, आणि बाजारास जावयास तयार असतो. पण हीही खूण शंभर टक्के भरंवशाची नाहीं, आणि एकाच घटकेंत एकाच माणसांत दोन्ही असूं शकतात.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. तोंडानें ‘मला कांहीं झालें नाहीं’ म्हणणाऱ्या माणसाच्या आंत कोठें तरी तें कळलेलें असूं शकतें. ब्रिटनमधील संशोधकांनीं रोग्यांस निरनिराळ्या रंगांत लिहिलेले शब्द दाखविले आणि फक्त रंग सांगावयास लावलें. विसरण्यासंबंधींचा शब्द आला कीं रंग सांगण्यास उशीर होई. आणि हा उशीर ज्यांनीं रोग कबूल केला नव्हता त्यांच्या बाबतींतही दिसला. शब्द कोठें तरी टोंचत होता. आणखी कांहीं प्रयोगांत असें दिसलें कीं, ज्यांस आपली चूक सांगतां येत नाहीं त्यांच्याही चेहऱ्यावर हरल्याचें दुःख उमटतें. अमेरिकेंतील आयोवा येथील संशोधकांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें कीं, करुण किंवा आनंदाचें चलचित्र पाहिल्यावर रोगी चित्र विसरले, पण खेद व आनंद त्यांच्या मनांत मागें राहिले.

ह्याचा अर्थ सुनेनें व नातवानें नीट समजून घ्यावा. ‘रागें भरलें तरी काय झालें, पांच मिनिटांत विसरते,’ असें आपण म्हणतों. रागें भरलेलें ती विसरते. पण जीव खट्टू झालेला राहतो. आणि तो कशानें खट्टू झाला हें तिला सांगतां येत नसल्यामुळें ती त्याचें कारण शोधते, व जें सांपडेल तें धरते. पैसे चोरल्याचा आळ कित्येकदां अशाच रीतीनें जन्मतो असा आमचा तर्क आहे. पैसे सांपडत नाहींत, आपण ठेविले हें आठवत नाहीं, कांहीं तरी हरवलें आहे ही हुरहुर मात्र खरी. मग घरांत दिवसभर कोण असतें? सून.

तर मग म्हातारी खोटें बोलते काय? आम्ही स्पष्ट सांगतों, नाहीं. लबाडीला दोन गोष्टी लागतात: खरें ठाऊक असणें आणि तें लपविण्याचा हेतु असणें. येथें पहिलीच नाहीं. ती आपला जुना उतारा वाचून दाखविते. सुनेवर आळ आला म्हणजे तिचें मन जळणें स्वाभाविक आहे, आणि शेजाऱ्यांनीं तिची समजूत घातली पाहिजे. किंबहुना अशा घरीं जाणाऱ्या उपदेशक बंधूंनीं म्हातारीशीं चार शब्द बोलून झाल्यावर सुनेजवळ अधिक वेळ बसावें. पण ‘कबूल कर कीं तूं विसरलीस’ असा म्हातारीपुढें हेका धरण्यांत कोणाचेंही कल्याण नाहीं. जी कबुली देण्याचें साधन तिच्यापाशीं नाहीं, ती मागणें म्हणजे लंगड्यास शर्यतीचें आव्हान देणें होय.

ह्याहून कठीण प्रश्न दुसरा आहे. आजी संध्याकाळीं दाराशीं येऊन विचारते, ‘अजून हे कसे आले नाहींत?’ आणि ‘हे’ तर दहा वर्षांपूर्वीं गेले. काय सांगावें? खोटें बोलूं नये हें आपण मंडळींत लहानपणापासून शिकलों आहों, आणि कित्येक सरळ मनाचीं माणसें तेवढ्यासाठींच दररोज ‘आजी, ते वारले’ असें सांगतात. तिला तें दररोज नव्यानें कळतें. दररोज ती नव्यानें विधवा होते. दुसऱ्या दिवशीं तिला मृत्यूची वार्ता आठवत नाहीं. आयोवाच्या प्रयोगावरून पहावें तर दुःख मात्र उरत असेल. ह्याला आम्ही सत्य सांगणें म्हणत नाहीं. सत्य हें ऐकणाऱ्याच्या हातीं पडावें म्हणून सांगावयाचें असतें. तिच्या हातीं तें राहतच नाहीं, फक्त चटका राहतो. उलट ‘बाजाराला गेलेत, येतील’ असें ठोकून देण्याची संवयही आम्हांस पसंत नाहीं. ती सोपी असते, आणि सोपी म्हणून वाढत जाते. शेवटीं घरांतील लहान मुलें म्हातारीशीं गंमत म्हणून खोटें बोलूं लागतात. तिसरी वाट आहे. तिचा प्रश्न नवऱ्याविषयीं असतो, वेळेविषयीं नसतो. ‘त्यांची आठवण येते का? ते आले म्हणजे काय करायचे?’ असें विचारून पहावें. ती बोलूं लागेल, पाण्याच्या पाळीचें, बैलांचें, कारखान्याच्या पहिल्या पट्टीचें. आणि पुष्कळदां तेवढ्यानें तिची तगमग शमते. तिनें डोळ्याला डोळा भिडवून ‘खरें सांग, गेले का ते?’ असें विचारलें, तर मात्र खरेंच सांगावें आणि तिचा हात धरून बसावें. त्या क्षणीं ती विचारते आहे, म्हणजे त्या क्षणीं तिला कळूं शकतें.

रोगाच्या आरंभीं मात्र प्रकार वेगळा असतो. तेव्हां माणूस स्वतःच एखाद्या दिवशीं एकांतांत म्हणतें, ‘मला अलीकडे कांहीं तरी होतंय.’ हें वाक्य फार मोलाचें आहे, आणि आपल्या घरांत तें बहुधा वायां जातें. कारण आपण लगेच ‘छे, वय झालं म्हणजे असं व्हायचंच’ म्हणून तोंड बंद करतों. आपणांस वाटतें आपण धीर दिला. वस्तुतः आपण त्यास एकटें टाकलें. ज्याला अजून कळतें आहे त्याला कळूं द्यावें, डॉक्टरकडे न्यावें, आणि पुढें आपलें कोणीं पहावें, कोणावर भरंवसा ठेवावा, हें त्याच्या तोंडून ऐकून घ्यावें. ‘बरें झालें, त्याला कांहीं कळत नाहीं,’ असें लोक दयेनें म्हणतात. शेवटच्या अवस्थेंत तसें असेलही. पण सुरुवातीच्या दिवसांत तें न कळूं देणें ही दया नव्हे, चोरी आहे. आपली व्यवस्था आपण लावण्याचे जे थोडे महिने त्याच्यापाशीं होते ते आपण घेतले.

पुण्याचीं सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांनीं ‘अस्तु’ नांवाचा मराठी चित्रपट केला आहे. चित्रपटांची शिफारस करण्याचा आमचा रिवाज नाहीं, परंतु ह्या विषयावर त्याचा उल्लेख टाळणें बरें नव्हे. त्यांत संस्कृताचे एक विद्वान् पंडित स्मृतिभ्रंशानें ग्रासलेले दाखविले आहेत. ती भूमिका मोहन आगाशे यांनीं केली आहे. ते रस्त्यांत एका हत्तीच्या मागें निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबांत जाऊन पडतात. माहुताची बायको त्यांस ओळखत नाहीं, त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाहीं. ती त्यांस लेकरासारखें खाऊं घालते, आणि ते तिला आई म्हणतात. त्या बाईची भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांस त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. घरच्यांस जें जमत नाहीं तें त्या परक्या बाईस कां जमतें? आमचें उत्तर असें कीं, घरच्यांच्या हातीं जुना उतारा असतो व ते प्रत्येक ओळ पडताळून पाहतात. ‘मी कोण, ओळखा पाहूं?’ हा आपला भेटीचा पहिला प्रश्न. तो प्रेमानें विचारलेला असतो, पण ती परीक्षा असते, आणि तींत नापास झाल्याचें दुःख आंत उरतें. ‘आजी, मी तुमची धाकटी नात,’ असें आपणच आधीं सांगितलें तर काय बिघडतें?

आतां जमिनीकडे वळूं. वर आम्ही म्हटलें कीं शेताचे कागदही ह्या प्रश्नावर लटकलेले असतात. उसाच्या भागांत एकरभर बागायत म्हणजे काय हें सांगावयास नको. म्हातारी विसरूं लागली कीं घरांत हक्कसोडपत्राची, बक्षीसपत्राची, मृत्युपत्राची भाषा सुरू होते. एक भाऊ म्हणतो, तिला सारें कळतें. दुसरा म्हणतो, कांहीं कळत नाहीं. आणि कोणास काय फायद्याचें आहे त्याप्रमाणें तिची शुद्ध वाढते किंवा घटते. हें केवळ खेड्यांतच होतें असें नव्हे. मुंबईच्या कामगारांचे पुढारी, १९७४ च्या रेल्वे संपाचे नेते व पुढें देशाचे संरक्षणमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस यांस हाच रोग झाला. त्यांनीं कोणापाशीं रहावें व त्यांस कोणीं भेटावें ह्यावरून त्यांची पत्नी आणि भाऊ यांच्यांत २०१० सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत वाद चालला. ज्यांच्या शब्दानें देशाच्या आगगाड्या थांबल्या, त्यांच्या मनांत काय आहे हें इतरांनीं सांगावें लागलें. ते जानेवारी २०१९ मध्यें वारले.

कायदा ह्या बाबतींत घरच्यांपेक्षां शहाणा आहे असें म्हटलें पाहिजे. १८७२ चा करार कायदा ‘हें माणूस वेडें आहे काय?’ असें विचारीत नाहीं. करार करतांना त्यास तो करार समजतो काय आणि त्यांत आपलें हित-अहित काय हें ठरवितां येतें काय, असें विचारतो. १९२५ चा वारसा कायदा ख्रिस्ती कुटुंबांस लागू आहे. त्याप्रमाणें एरव्हीं भ्रमांत असणारें माणूस शुद्धीवर असलेल्या वेळांत मृत्युपत्र करूं शकतें, पण आजारामुळें किंवा अन्य कारणानें आपण काय करतों हेंच ज्यास कळत नाहीं त्यास त्या स्थितींत तें करतां येत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंही, मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसास आपल्या उपचाराविषयीं ठरवितां येत नाहीं असें मानूं नये, असेंच धोरण ठेविलें आहे. आणि आईबापांनीं सांभाळाच्या अटीवर जमीन लिहून दिली व मुलांनीं सांभाळलें नाहीं, तर २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाखालीं प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढें तो व्यवहार रद्द करण्याचा अर्ज करतां येतो. मात्र ती अट कागदांत स्पष्ट लिहिलेली असावी.

मृत्युपत्रास व बक्षीसपत्रास दोन साक्षीदार लागतात, आणि गांवांत साक्षीला कोणास बोलावतात हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे: शिक्षकास, उपदेशकास, मंडळींतील एखाद्या वडीलधाऱ्यास. ज्यास बोलावणें आलें त्यानें लाजेखातर सही करूं नये. आधीं मुलांस बाहेर बसावयास सांगावें आणि आजीपाशीं एकट्यानें बसावें, सकाळच्या वेळीं, ती झोप घेऊन ताजी असतांना. ‘जमीन धाकट्याला द्यायची ना?’ असें विचारूं नये. त्याला ती ‘हो’ म्हणेल, आणि थोरल्याचें नांव घेऊन विचारलें तरी ‘हो’च म्हणेल. ‘आजी, आज हीं माणसें कां जमलीं आहेत? तुमच्या नांवावर काय काय आहे? त्यांतलें कोणाला काय द्यायचें तुमच्या मनांत आहे? दिल्यावर मग तुम्ही कोठें राहाल, कोण पाहील?’ असें विचारावें, आणि उत्तर तिच्या शब्दांत ऐकावें. दोन-चार दिवसांनीं पुन्हां जाऊन तेंच विचारावें. मधल्या काळांत आपण आलों होतों हें ती विसरली असेल. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. दोन्ही वेळां तिनें तीच जमीन, तेंच नांव आणि तेंच कारण सांगितलें, तर तिला हें एक तरी कळतें आहे असें समजून साक्ष घालावी, व डॉक्टरांचा त्याच आठवड्याचा दाखला कागदासोबत ठेवावा. एकदां धाकटा, एकदां थोरला, आणि तिसऱ्यांदा ‘जमीन कोणाची? माझ्या सासऱ्यांची आहे ती,’ असें उत्तर आलें, तर शाईची डबी मिटून मुलांस आंत बोलवावें आणि आज अंगठा घेतां येणार नाहीं असें त्यांस सांगावें.